शिवण आणि चंद्र

आज चारकोपच्या मैदानात पहिल्यांदाच लेदरच्या चेंडूने गोलंदाजी केली. तिरक्या शिवणीचा चेंडू हवेतच आत आला आणि मी बघतच राहिलो. रात्री वाचलं: शिवणीवरून जाणारी हवा खवळते, चेंडूला जास्त वेळ चिकटते, म्हणून तो शिवणीच्या दिशेने वळतो. किती सुंदर आहे हे! क्रिकेटचं वेड इथे सगळ्यांनाच: बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माच्या भारतीय संघाने २९ जून २०२४ ला टी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हा आमची अख्खी बिल्डिंग जिन्यात उतरली होती. आणि सगळ्यांनी श्वास रोखला होता तो २३ ऑगस्ट २०२३ ला, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरेपर्यंत. तिथे हवाच नाही. म्हणजे चेंडू स्विंगही होणार नाही! चंद्राच्या विचारात आता जयंत नारळीकरांचा विज्ञानकथासंग्रह 'यक्षांची देणगी' पुन्हा काढलाय. आई दिवा मालव म्हणतेय. एकच कथा, मग झोपतो.