सोसण्याचा खेळ

सात दिवस, सात राती सायकलवरून पाय खाली न टेकवणारा माणूस तिरोड्याकडच्या आमच्या गावानं पाह्यला आहे. गोष्ट १९७०-८० च्या दशकातली. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९९ ला झाला. आम्ही भंडाऱ्यातच.

धान कापून झालं की मैदानात बांबू गाडत, भोंगा लावत अन् सायकल गोल गोल फिरू लागे. तो सायकलवरच जेवायचा, आंघोळ करायचा, दाढीही करायचा. राती छातीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायचा. कधी जोडीदाराला खड्ड्यात पुरत, वरून माती लोटत, मग उकरून काढत. लोक चार आणे, आठ आणे, कोणी शेरभर तांदूळ देत. १९७२ च्या ‘शोर’ सिनेमात मनोजकुमार पोराच्या ऑपरेशनसाठी अशीच सायकल चालवतो. आमच्याकडचा पोटासाठी चालवायचा.

माय दिवसभर चिखलात वाकून रोवणा करायची, राती चिमणीपुढं बिड्या वळायची. ती म्हणाली, “याचे सातच दिवस हायेत बाप्पा. मी तं जलमभर फिरून राह्यली.”

तिच्यासाठी भोंगा कोणी लावला नाही.

हे वेड आपल्याच देशातलं नाही. अमेरिकेत केली नावाचा एक माणूस खांबावर बसून राहायचा. १९३० मध्ये अटलांटिक सिटीत तो ४९ दिवस बसला. खाली हजारोंची गर्दी. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तो मेला, तेव्हा जवळ होती कौतुकाच्या कात्रणांची वही. पैसा नव्हता.

ज्याच्याजवळ शेत नाही, दुकान नाही, तो अंगच विकायला काढतो. बघणारे त्याला धाडस म्हणतात. आपल्या माणसांनाही पिढ्यान् पिढ्या अशीच शाबासकी मिळाली : “लय काटक लोक बुवा तुम्ही!” ही शाबासकी फुकट असते. ती देऊन मजुरी वाढवायची टळते.

खड्ड्यात पुरलेल्याला उकरेपर्यंत गाव श्वास रोखून उभं राही. गटारात उतरलेल्यासाठी कोण उभं राहतं? सुरक्षेच्या साधनांवाचून माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं उतरवली जातात, गुदमरून मरतात.

म्हणून दोस्तहो, सोसणं हा आपला गुण आहे असं कोणी म्हटलं तर खूश होऊ नका. मंडईत असा खेळ दिसला तर त्या माणसाला हसूही नका. टाळी वाजवायच्या आधी पुढं होऊन विचारा : याला मजुरी किती? अन् पडला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार?