पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट

आमच्या भंडाऱ्याकडे अशक्तपणाला कुणी आजार समजत नाही. बाई थकली की ‘रोवणी झाली ना, थकणारच’ म्हणून विषय संपतो. मी साकोली तालुक्यातल्या घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते, त्यामुळे माझ्या बाबतीत रोवणीच्या जागी रिलीज आला, एवढंच. दहा पायऱ्या चढले की छाती धडधडायची. केस गळायचे. आणि सूपभर तांदूळ निवडताना मूठभर कच्चेच खावेसे वाटायचे. ही इच्छा लोहाच्या कमतरतेत होते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं.

हिमोग्लोबिन ८.४, फेरिटिन ६. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन म्हणजे कोठीत शिल्लक किती धान आहे त्याचा हिशोब. ताटात भात दिसतो तोवर कोठी रिकामी झालेली कळत नाही, तसं रक्तातलं लोहही आधी साठ्यातून संपतं. मी काही वेगळी नव्हते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता.

पण पूर्व विदर्भात इथेच थांबून चालत नाही. इथे सिकलसेलही तपासावा लागतो. मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवर ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला तो १९५८ साली. माझा रिपोर्ट आला एएस, म्हणजे वाहक. नुसतं वाहक असल्यानं हिमोग्लोबिन एवढं उतरत नाही. माझं उतरलं ते पाळीतल्या जास्त रक्तस्रावानं. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असणाऱ्यांनी मात्र मनानं लोहाच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. वारंवार रक्त चढवावं लागलं असेल तर शरीरात लोह आधीच साचलेलं असू शकतं.

त्याच महिन्यात मला स्थळ आलं होतं. आई म्हणाली, “कोणाला सांगू नको बाई, पोरीच्या रक्तात दोष आहे म्हणतील.” मी मुलाला फोन करून सांगितलं आणि त्यालाही तपासणी करायला सांगितली. दोघंही वाहक असलो तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल तर बाळाला हा आजार होत नाही, फार तर ते वाहक होतं. म्हणजे त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला असता तर काळजीचं कारणच उरलं नसतं. चार दिवसांनी त्याच्या घरून निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मला राग आला नाही असं नाही, पण तो नकारापेक्षा त्या पत्रिकेच्या बहाण्याचा जास्त होता.

गोळ्या सुरू आहेत. जेवणाआधी तासभर, लिंबूपाण्यासोबत, आणि चहा त्यानंतर तासाभरानं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन १२ वर गेलं तरी आणखी तीन महिने घ्यायच्या, कारण कोठी भरायची आहे. गेल्या आठवड्यात आईलाही तपासून आणलं. हिमोग्लोबिन ९.१. ती म्हणाली, “मला काय झालंय, मी तर रोज बांधीत जाते.” आता दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असतात, आणि सकाळचा चहा आमच्याकडे तासभर उशिरा होतो.

पुढच्या स्थळालाही मी हा रिपोर्ट पाठवणार आहे. आईला ते अजून पटलेलं नाही.