सावकाश उडणारं घ्या

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे एक ठरावीक जोडी येते. आठवी-नववीतला मुलगा आणि त्याचे वडील. वडिलांच्या मोबाइलवर रिमोटच्या विमानाचा फोटो असतो. बहुतेक वेळा राफेल, नाहीतर सुखोई. पोरगं वाचणारं असेल तर दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर. "काका, हे घेऊ का?"

"घे की. पण तिसरं म्हणून घे."

मुलाचा चेहरा उतरतो, वडिलांना हायसं वाटतं, कारण फोटोखालची किंमत त्यांनी आधीच वाचलेली असते. मग पहिलं कोणतं, यावर बोलणं सुरू होतं. फलटणच्या माळावर इतकी वर्षं विमानं उडवून आणि दुसऱ्यांची पडलेली चिकटवून माझं एकच मत बनलं आहे. पहिलं विमान निवडताना ते किती देखणं, किती मोठं, किती ताकदीचं हे बघायचं नाही. ते तुम्हाला विचार करायला किती वेळ देतं, एवढंच बघायचं. बाकीचे सगळे सल्ले यातूनच निघतात.

नवशिक्याच्या हातात रिमोट असतो तेव्हा डोळ्यांना दिसतं की विमान डावीकडे कललंय. मग डोकं ठरवतं की रिमोटची काडी उजवीकडे न्यायची. मग अंगठा हलतो. यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. ताशी ६० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात १७ ते २५ मीटर पुढे गेलेलं असतं, आणि उंची तेवढी नसेल तर खेळ तिथेच संपतो. ताशी ३० किलोमीटरचं विमान त्याच्या निम्मंच जातं. त्यात विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल तर डावं-उजवं उलटं होतं. यावर जुना तोडगा आहे: येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलेला दिसेल, त्या बाजूला काडी न्यायची, म्हणजे त्या पंखाला खालून टेकू दिल्यासारखं होतं. पण तोडगा आठवायलाही वेळ लागतोच.

हा वेळ आकड्यात मोजता येतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि फूटपट्टी पुरते. पंख १२० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ साधारण २१.६ चौरस डेसिमीटर होतं. बॅटरीसकट विमानाचं वजन ७५० ग्रॅम धरलं तर दर चौरस डेसिमीटरला सुमारे ३५ ग्रॅमचा भार आला. असं विमान ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत हवेत तरून राहतं. त्याखाली गेलं की पंख हवा सोडतो आणि नाक खाली पडतं. तेवढ्याच पंखावर १३०० ग्रॅम लादले तर भार ६० ग्रॅमवर जातो आणि तरायलाच ताशी पस्तीसच्या आसपास वेग लागतो. उडताना तर याहून बराच जास्त ठेवावा लागतो. फोटोतली लढाऊ विमानं याच जातीची: पंख आखूड, अंग भरलेलं. म्हणून विकत घेताना दुकानदाराला वजन आणि पंखाची मापं विचारायची. भार तीस-चाळीसच्या आत असेल तर पुढचं बोलायचं.

वेळ देणारी दुसरी गोष्ट म्हणजे पंखाची जागा. पंख धडाच्या वर असावा आणि दोन्ही टोकं किंचित उचललेली असावीत. असं विमान कललं आणि काडी सोडून दिली की बरंचसं आपण होऊन सरळ होतं. त्याला थ्रॉटल (मोटरचा जोर), एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (नाक डावीकडे-उजवीकडे) एवढी तीनच नियंत्रणं पुरतात. एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, नंतर शिकता येतं. यात कमीपणा काही नाही. शेजारच्या बारामतीच्या विमानतळावर खरे वैमानिक शिकतात. तिथे सेसनासारख्या विमानांवर शिकलेल्यांची सुरुवातही धडावर पंख असलेल्या विमानानेच झालेली असते.

प्रोपेलर मागे असेल तर आणखी बरं. जर्मनीच्या मल्टिप्लेक्सचं ईझी स्टार आणि नंतर आलेलं हॉबीकिंगचं बिक्सलर याच बांध्याची आहेत: नाक फोमचं, मोटर पंखामागे. नाकावर आपटलं तर फोम चेपतो, मोटर-प्रोपेलर वाचतात. हातातून फेकताना मात्र आधी फेकायचं आणि मग थ्रॉटल वाढवायचा, कारण प्रोपेलर हाताच्या मागेच फिरत असतो.

स्वतः बनवायचं असेल तर मी जास्त खूश होतो, पण इथे आमच्या गावची एक ठरलेली चूक होते. पोरं फ्लेक्सच्या दुकानातून सनबोर्ड आणतात. दिसायला फोमसारखाच, कापायलाही सोपा. पण तो पीव्हीसी. त्याच जाडीच्या डेप्रॉन या हलक्या फोमच्या शीटपेक्षा तो दहापटीहून जड भरतो. त्याचं विमान बनतं छान, उडतं दगडासारखं. डेप्रॉन किंवा ईपीपी फोम मागवायचा, मधे कार्बनची नळी नाहीतर बांबूची काडी घालायची, ग्लू गन कमी तापवून वापरायची. फेव्हिक्विक डेप्रॉनवर आणि थर्माकोलवर टाकलं तर फोम विरघळून खड्डा पडतो. ईपीपीवर मात्र चालतं. पंख धडाला रबर बँडने बांधायचा, स्क्रूने नाही. आपटल्यावर रबर बँड निसटतो आणि पंख शाबूत राहतो. अशी दुरुस्ती त्याच संध्याकाळी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकणं पुढे सुरू राहतं. विमान पडणारच आहे. ते पंधरा दिवस माळ्यावर पडून राहणार की रातोरात उभं राहणार, हे निवडतानाच ठरतं.

पैसे कुठे घालायचे, तर रिमोटमध्ये. २.४ गिगाहर्ट्झचा, निदान सहा चॅनलचा रिमोट घ्यायचा. विमानं येतात-जातात, रिमोट वर्षानुवर्षं राहतो, आणि आठवडाभर घरी संगणकावरच्या सिम्युलेटरला जोडला तर विमान हातात यायच्या आधीच अंगठ्यांना वळण लागतं. बॅटरी तीन सेलची लिथियम पॉलिमर. भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो. उडवताना साडेतीनच्या आसपास आला की उतरायचं. काही दिवस वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवायची. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ती विसरायची नाही.

उडवण्याआधी मी मुलाला एक गोष्ट माझ्यासमोर करायला लावतो. बॅटरी जागेवर बसवायची, मग पंखाच्या खालून दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून विमान उचलायचं. बोटं पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवीत, म्हणजे अठरा सेंटिमीटरच्या पंखाला साडेचार ते सहा सेंटिमीटर. पोरगं श्वास रोखून बघत असतं. विमान बोटांवर आडवं राहिलं किंवा नाक जरासं झुकलं, तर ठीक. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची, पुन्हा उचलायचं. शेपटी जड असलेलं विमान हातातून सुटताच नाक वर करतं, आणि ते सावरायला जो वेळ लागतो तो मुलाकडे नसतोच. बोटांवरची ही दोन मिनिटं हवेतले कितीतरी सेकंद वाचवतात.

आता आपल्या मुलखाचं. विमान निवडताना वारा निवडावाच लागतो, कारण हलकं आणि सावकाश विमान वाऱ्याला लवकर भुलतं. चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या फिरवणारा पश्चिमी वारा पावसाळ्यात आपल्याकडेही कोरडा घोंघावतो. ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यात ताशी ३० किलोमीटरचं विमान जागच्या जागी लोंबकळतं आणि वळलं की पार पलीकडच्या शिवारात जातं. उन्हाळ्याच्या दुपारीही नको. एक तर जमिनीवरून उठणारे गरम झोत. शिवाय समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या आपल्या गावात मेच्या दुपारची हवा हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे तेच विमान तरायला जास्त वेग मागतं. मार्गशीर्ष ते माघ, सूर्य उगवल्यानंतरचा तास-दीड तास, हा आपला खरा मोसम.

जागा म्हणाल तर ऊस तुटून गेलेला फड किंवा नांगरून मऊ झालेलं रान, मालकाला विचारून. खडकाळ माळ फोमला वाईट. उभ्या उसाच्या जवळ तर अजिबात नको. दहा-बारा फुटी उसात पांढरं विमान शोधणं म्हणजे पाचटाने अंग कापून घेणं. तसं झालंच तर रिमोट बंद करायचा. सिग्नल तुटला की मोटरच्या बऱ्याच स्पीड कंट्रोलरवर मोटर टीं-टीं आवाज करत राहते, त्याच्या मागे जायचं. मात्र तुमचा कंट्रोलर तसं करतो का, हे घरी प्रोपेलर काढून तपासून ठेवायचं. विजेच्या तारा, रस्ता, विहिरीचं तोंड, कालवा, यांच्यापासून लांब. पालखीच्या मुक्कामात किंवा कुठल्याही गर्दीवर विमान न्यायचंच नाही.

कायदाही थोडा माहीत हवा. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅम ते २ किलोपर्यंतच्या यंत्राला, धंद्यासाठी वापर नसेल तर, वैमानिकाचा परवाना लागत नाही, आणि हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी मागावी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर हे लाल क्षेत्र. आपली जागा सरकारी हवाई नकाशावर आधी बघायची, आणि पोलिसांचा काही बंदी हुकूम आहे का तेही. चारशे फूट तसेही नवशिक्याला लागत नाहीत. दीडशे-दोनशे फुटांवर विमान नीट दिसतं आणि चूक सुधारायला खाली पुरेशी हवा उरते.

मग ते राफेल कधी? याचं उत्तर महिन्यांत देता येत नाही. मी मुलांना म्हणतो, कंटाळा येईपर्यंत हेच उडव. विमान वळवताना शाळेतल्या गप्पा मारता यायला लागल्या, ठरवलेल्या जागी ते लागोपाठ उतरायला लागलं, समोरून येताना डावं-उजवं आठवावं लागेनासं झालं, की सावकाश विमानाने दिलेला वेळ तुझ्याकडे उरायला लागला असं समज. तेव्हा दुसरं घे, एलरॉनवालं, खालच्या पंखाचं, आणि तिसरं तुझ्या फोटोतलं. काही पोरं तिथवर पोचतात. काहींना मधेच कळतं की आपल्याला उडवण्यापेक्षा बनवण्यात जास्त गोडी आहे. त्यांना ते कळलं, कारण पहिलं विमान पहिल्याच सकाळी संपलं नव्हतं.