स्वप्नात पळायचे, पण पाय हलवायचे नाहीत!

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवरच्या छोट्याशा घरात श्रीनिवास रामानुजन वाढले. त्यांनी सांगितलेले एक स्वप्न त्यांच्या चरित्रांत आढळते. रक्ताचा लाल पडदा होता आणि त्यावर कुणाचा तरी हात गणिते लिहू लागला. जाग येताच रामानुजन यांनी ती कागदावर उतरवली.

जाग येताच, आधी नव्हे! स्वप्नातला हात लिहीत होता तेव्हा त्यांचा स्वतःचा हात बहुधा लुळा पडलेला असणार.

ठळक स्वप्ने बहुतेक ‘रेम’ झोपेत पडतात. तेव्हा मिटल्या पापण्यांआड डोळे भिरभिरत असतात. मेंदूच्या देठातल्या ‘पॉन्स’ या भागातून त्या वेळी खाली इशारा जातो आणि ग्लायसीन व गाबा ही रसायने मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींना दाबून धरतात. हात, पाय, मान सारे सैल. डोळे आणि श्वासपटल मात्र मोकळे, नाहीतर श्वासच थांबायचा! फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतली ही यंत्रणा निकामी केली, तेव्हा ती झोपेतच उठून शिकारीवर झेपावल्यासारखी वागू लागली.

रामानुजन यांच्या रस्त्याच्या टोकाशी सारंगपाणीचे मंदिर आहे. तिथला शेषशायी विष्णू पुरता निजलेला नाही, अर्धवट उठलेला आहे. माणसाचेही कधी असेच होते. मन जागे होते, पण शरीराचे कुलूप उघडलेले नसते. ओरडावे तर आवाज फुटत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. आपल्याकडे लगेच मुंजा आठवतो आणि जागरणाने दमलेल्या, परीक्षेला बसलेल्या पोरीला मांत्रिकापुढे नेले जाते. खरे तर काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे आपोआप सुटते.

काळजी करावी ती उलट प्रकाराची. पन्नाशीपुढच्या काही जणांत, विशेषतः पुरुषांत, हे कुलूप लागतच नाही. ते झोपेत लाथा झाडतात, ठोसे मारतात. सकाळी बायकोच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहून स्वतःच ओशाळतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या शेंक आणि महोवाल्ड यांनी हा विकार वर्णिला. अशा अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात होतो, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाकडे वेळेवर जायला हवे. जाताना बायकोनेही सोबत जावे. नवऱ्याला फक्त स्वप्नातला चोर आठवत असतो, रात्री खरोखर काय घडले ते तीच सांगू शकते.