गप्प बसलेला राउटर

“एक राउटर नुसताच बसून राहणार असेल, तर त्यावर पैसे का घालायचे?” ऑफिससाठी दुसरा राउटर मागितला की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र मला घरी मिळालं.

आधी तांत्रिक भाग. तुमच्या लॅपटॉपला बाहेर पडायचं एकच दार माहीत असतं, डिफॉल्ट गेटवे. समजा, १९२.१६८.१.१. तो राउटर मेला, की शेजारी दुसरा धडधाकट राउटर असूनही उपयोग नसतो, कारण लॅपटॉपला त्याचा पत्ताच माहीत नसतो. यावर व्हीआरआरपी नावाचा उपाय १९९८ पासून प्रमाणित आहे. दोन राउटर मिळून एक तिसराच, आभासी पत्ता धरतात आणि लॅपटॉपला तोच सांगितला जातो. ज्याची प्रायॉरिटी जास्त, तो हा पत्ता चालवतो आणि दर सेकंदाला “मी आहे” असा निरोप पाठवतो. दुसरा फक्त ऐकतो. त्याची प्रायॉरिटी १०० असेल, तर साधारण ३.६ सेकंद निरोप आला नाही की तो पत्ता स्वतःकडे घेतो.

आम्ही चाचणीसाठी पहिल्याची वायर खेचली. पिंगच्या चार ओळी हुकल्या, पाचवी आली. खुर्च्यांवरून कुणी मानही वर केली नाही.

म्हणजे दुसरा राउटर रिकामा बसलेला नसतो. तो ऐकत असतो.

गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. सांगलीत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. ते बंद ठेवावं लागणार असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी आई गल्ल्यावर बसली. कुठल्या शाळेची किती उधारी, कोणता होलसेलर जूनच्या आधी माल देतो, सगळं तिला पाठ. पंचवीस वर्षं ती आतल्या खोलीत पोळ्या लाटत बाहेरचं बोलणं ऐकत होती. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंही नव्हतं.

खरा पेच तीन महिन्यांनी आला. बाबा बरे झाले.

व्हीआरआरपीमध्ये यासाठी प्रीएम्प्ट नावाची सेटिंग आहे. मूळ राउटर परत आला की त्याने कारभार लगेच काढून घ्यायचा का? न सांगता तसंच होतं, डिफॉल्ट तेच आहे. पण बरेच जण ते बंद ठेवतात. बिघाड एकदाच झालेला असतो, मग अदलाबदल दोनदा कशाला? शिवाय परत आलेला अजून डळमळीत असेल, तर पत्ता इकडून तिकडे उड्या मारत राहतो.

आमच्या घरी डिफॉल्टच चाललं. बाबा सकाळी जाऊन गल्ल्यावर बसले, आई आत गेली. पण होलसेलरचे फोन तिच्याच मोबाइलवर येत राहिले. ती आतून उत्तरं देई, बाबा बाहेर ऐकत राहत. जेवताना दोघं बोलेनासे झाले. एका रविवारी आई मला फोनवर म्हणाली, “मला दुकान नकोय रे. पण मला येतं, हे त्यांना दिसायला हवं ना?”

मी काही सल्ला दिला नाही. तो माझा अधिकारही नव्हता. बाबांनीच एक दिवस वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “शाळांचं तू बघ. मला तेवढं फिरणं आता झेपत नाही.”

अशीही एक रचना असते. दोन आभासी पत्ते घ्यायचे. एकाचा मुख्य हा, दुसऱ्याचा मुख्य तो, आणि दोघंही एकमेकांचे बॅकअप. निम्मे लॅपटॉप इकडून जातात, निम्मे तिकडून. कुणीच नुसतं बसून राहत नाही आणि एक पडला तर दुसरा सगळं उचलतो.

ऑफिसात मी पुढच्या महिन्यात तेच मांडणार आहे. सांगलीत ते चालू आहे. जूनमधल्या वह्यांची ऑर्डर यंदा आईने दिली. बाबा शेजारी बसून ऐकत होते.