उतारू

आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि हर्णे, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीकडे जायची. हर्ण्याला ती खोल पाण्यात उभी राहायची. तिथून पडावात उतरायचं. ट्रंका, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळं हातोहात. पाऊल चुकलं की गुडघाभर पाण्यात. पावसाळ्यात तर बोट बंदच. हिचे फार गोडवे गाणाऱ्याला जुलैत गावी यायला सांगावं. पण गिरगावच्या चाळीतला चाकरमानी ट्रामने बंदराच्या वाटेला लागायचा आणि इथे हर्ण्याला उतरला की चालत घरी. दारात स्वतःचं वाहन नव्हतं म्हणून त्याचं काही अडत नसे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला थांबली. पुढे आगबोटही बंद झाली.

आंजर्ल्याच्या खाडीतली तर. पूल झाला, बरं झालं. अडलेल्या बाळंतिणीला तरवाल्याची झोप मोडण्याची वाट पाहायला लागू नये. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३पासून आहे, तीत मोटारी चढतात. माणसंही चढतात, कडेकडेने.

पाखाडी. जांभ्या चिऱ्यांची, दोन्हीकडे गडगे, डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली तर दुसऱ्याने अंग चोरावं एवढी रुंद. पायऱ्या मोडून काँक्रिटचा उतार केला की दुचाकी थेट पडवीपर्यंत येते. म्हाताऱ्या मात्र श्रावणात त्याच उतारावरून घसरतात.

वस्तीची एसटी. मासळीच्या टोपलीवरून कंडक्टरशी हुज्जत. आता वडाप.

बैलगाडी अजून आहे, पण गेलेल्या गोष्टींच्या या यादीत आत्ताच टाकून ठेवतो. किनारा उथळ, होड्या वाळूला लागत नाहीत, म्हणून बैल पोटापर्यंत पाण्यात शिरतात, गाडीत मासळी घेतात आणि लिलावाच्या वाळूवर आणून ओततात. टेंपोला खारं पाणी मानवत नाही.

गिरगावातल्या त्या चाकरमान्याचा नातू आता विरारला नाहीतर डोंबिवलीला राहतो. जागा मोठी, कामाला जायला लोकलचे दीड-दोन तास, खाली हप्त्यावरची गाडी. ती घेऊन तो शनिवारी येतो आणि आजोबा चालत गेले त्या बाजारपेठेत हॉर्न वाजवत अडकतो. तिथून सुटला की गाडी थेट पुळणीवर घालतो. ती रुतते. ओढायला ट्रॅक्टर येतो; भाडं आधी ठरवावं.