गंजिफा घ्यायला सावंतवाडीला

गोव्याला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकजणी सावंतवाडीला फार तर चहापुरत्या थांबतात. मुलं पेंगुळलेली, यजमानांना समुद्र गाठायची घाई; गाडी मोती तलावाला वळसा घालून पुढं निघून जाते. पण मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला अर्धा दिवस इथं काढाच. रंगीत लाकडी फळं आणि भातुकली घ्यायला चितार आळीत तर सगळ्याच जातात. मी सांगतेय ती खरेदी वेगळी आहे, आणि ती घाईत केली तर हमखास फसते. ती म्हणजे गंजिफा.

गंजिफा म्हणजे आपले पत्तेच, पण गोल. बाबरानं १५२७ साली सिंधमध्ये कोणाला तरी गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. मोगली गंजिफाची पानं ९६. आपल्याकडच्या दशावतारी डावाची १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा असलेल्यानं सुरुवात करायची, दिवे लागल्यावर मांडला तर कृष्णाचा राजा असलेल्यानं. हुकूम नाही. शिवाय निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा! कुठलं पान पडलं नि कुठलं राहिलं हे सगळं डोक्यात ठेवायचं. किराण्याची यादी पाठ ठेवणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये.

ही कला जवळजवळ बुडाली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवले. आजही तिकीट काढून आत गेलं की दरबार हॉलमध्ये मंडळी मान खाली घालून रंगवताना दिसतात. पूर्वी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून, वर खडू-रंग देऊन लाखेचा हात फिरवीत.

आता किमतीचं. हातानं रंगवलेला पूर्ण संच हजारांच्या घरात जातो आणि आपला हात पर्सकडून मागं येतो. पण जरा हिशेब करा. एका रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत पंचावन्न चिन्हं, म्हणजे दहा रंगांत ५५०! वर दहा राजे आणि दहा प्रधान वेगळेच. एवढं परवडत नसेल तर छापील संच घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही, खेळ तोच. पूर्वीसुद्धा दरबारी कलमाचा भारी माल आणि बाजार कलमाचा स्वस्त माल असे दोन प्रकार होतेच की!

सुटी पानं मात्र मला पटत नाहीत. चौकटीत बसवलेला एक राजा भिंतीवर छान दिसतो, नाही असं नाही. एका दुकानदारानं मला सरळच विचारलं, ‘‘वैनी, खेळूक होयो काय भिंतीर लावूक?’’ खेळायला असेल तर दुकानातच पेटी उघडून रंग लावून घ्या. प्रत्येक रंग बाराचा भरला पाहिजे. मग पानं पालथी टाका. पाठी सगळ्या सारख्या हव्यात. एखाद्या पाठीवर रंगाचा ठिपका असला की ते पान दुसऱ्या डावातच सगळ्यांना ओळखू येतं. कडाही एकसारख्या गोल हव्यात.

विकण्याचा प्रश्न निघतो तो जुन्या घरांतून. माळ्यावर सरकत्या झाकणाची पेटी सापडते आणि जुन्या वस्तूंचा व्यापारी दारात हजर होतो. त्याला बहुधा राजे आणि प्रधान तेवढे हवे असतात, कारण चित्रं त्यांच्यावर. ते दिले की उरलेली शंभर पानं मुलांच्या खेळण्यातच जमा. शिवाय १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा परवाना आहे का, हे दारातच विचारावं. मुंबईत राहिलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन या जर्मन गृहस्थांनी आयुष्यभर गंजिफा जमवून त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं ते १९८२ मध्ये काढलं. आणि आपण पेटी माळ्यावरून काढतो ती रद्दीबरोबर!

आमच्या ओळखीच्या एका कोकणातल्या घरी वाटण्या झाल्या तेव्हा भांड्यांबरोबर गंजिफाही वाटली गेली. पाच अवतार थोरल्याकडे, पाच धाकट्याकडे. वीस-बावीस वर्षं दोन्ही घरांत अर्धा अर्धा डाव पडून होता, ना याला खेळता येत ना त्याला. व्यापारी दोघांकडेही येऊन गेला. धाकट्या घरी सौदा जवळजवळ ठरलाच होता. हे कानावर आलं तशी थोरली जाऊ देवघरातली पितळी समई उचलून तिकडे गेली आणि समई देऊन पाच अवतार घरी घेऊन आली. दिरांना हा व्यवहार अजून पसंत नाही, समई वजनाला भारी की पानं, यावर त्यांची कुरबुर चालू असते. दोन्ही जावा आणि एक नणंद मात्र गणपतीत जागरणाला हाच डाव मांडतात, कृष्णाच्या राजानं सुरुवात करून. वराहाची सत्ती मधल्या काळात हरवली. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा गोल तुकडा कापून घेतलाय, त्यामुळं ती कोणाच्या हातात आहे हे पहिल्यापासून सगळ्यांना दिसत असतं.